घोडे काय खात होते?

गंगापूर रोडजवळच्या एका छोट्या वाचनालयात दर संक्रांतीला पानिपत होतं. ते रंगनाथराव करतात. विंचूरला कांद्याची आडत सांभाळता सांभाळता त्यांनी पानिपतावर मिळेल ते वाचलं, आणि आडत मुलाकडे सोपवल्यापासून ते दर वर्षी तेच व्याख्यान देत आलेत. विश्वासरावांना गोळी लागली की पहिल्या रांगेत रुमाल निघतात. मग तिळगूळ.

यंदा त्यांच्या लेकीनं, पूजानं, याच विषयावरचं नवं पुस्तक पाठवलं. पानिपतात आता नवीन काय उरलंय, अशा खात्रीनं रंगनाथराव चुका काढायला पेन्सिल घेऊन बसले. पुस्तकात तलवारी कमी आणि बैलच फार. धान्य कुठून यायचं, रसद कुठे तुटली, घोडे काय खात होते. चौथ्या प्रकरणाशी पेन्सिल थांबली. रस्ता दोन दिवस बंद पडला तर बाजाराचं काय होतं, हे उभा जन्म पाहिलेल्या माणसानं एवढ्या मोठ्या लष्कराला आपल्या व्याख्यानात कधी जेवायला म्हणून बसवलं नव्हतं.

"माझ्या पानिपतात कुणी जेवतच नाही गं," ते बायकोला म्हणाले.

"मी पहिल्याच वर्षी विचारलं होतं," उज्वलाबाई वाटाणे सोलत म्हणाल्या. "एवढ्या माणसांचा स्वयंपाक कोण करायचं?"

"मग मी काय म्हणालो?"

"म्हणालात, विषय गंभीर आहे."

जुनं व्याख्यान टाळ्यांच्या जागांसकट पाठ होतं. ते सोडलं, तर गावात मिळवलेलं 'पानिपतवाले' हे नाव पणाला लागणार होतं. तरी संक्रांतीला रंगनाथराव उभे राहिले आणि त्यांनी चाऱ्यापासून सुरुवात केली.

अर्धा तास झाला तरी चाराच चालू. वाचनालयाचा चिटणीस मनोज कानाशी आला. "काका, विश्वासराव कधी पडायचेत? लोक खोळंबलेत."

"पडतील. आधी घोडे पडतायत, ते बघू दे."

विश्वासराव शेवटी एका वाक्यात पडले. रुमाल खिशातच राहिले. टाळ्या झाल्या, पण सभ्यपणे.

खाली उतरताच सावळीरामभाऊंनी त्यांना गाठलं. ते पहिल्या रांगेतले जुने श्रोते.

"चाऱ्याचं पटलं बुवा. पण मग दोष कुणाला द्यायचा?"

"एकट्याला कुणाला नाही देता येणार."

सावळीरामभाऊ हिरमुसले. ज्या सरदारांवर ते दर संक्रांतीला मनापासून चिडत आले, त्यांना असं फुकटात सोडून द्यायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

"पुस्तक द्या वाचायला," ते म्हणाले. "चूक सापडेल काहीतरी."




रंगनाथरावांनी पुस्तकाबरोबर पेन्सिलही दिली.