सर्जरी म्हटलं आणि वस्तरा आला

मास्क बसला, पण सैल बसला. कपाळाजवळ माझं बोट सहज आत गेलं. तिथेच कळलं, आज उपचार होणार नाही.

मी रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट. किरणांनी कॅन्सरवर उपचार करायचं मशीन चालवते. आमच्या अख्ख्या घराण्यात डिग्री घेणारी मी पहिली. गावात, नालवाडीत, हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

टेबलावर बेबीबाई होत्या. कारंज्याकडच्या, भाजीपाल्याची शेती. स्तनाचा कॅन्सर मेंदूत पसरला होता. तीन ठिपके. त्यातला एक उजवा हात हलवणाऱ्या भागाजवळ. मेथीची जुडी बांधताना बोटं ऐकेनाशी झाली होती. काकूंना हात परत हवा होता, आणि ठिपका वाढत होता.

ठिपके मोजके आणि लहान असले तर कवटी उघडावी लागत नाही. बारीक किरण अनेक बाजूंनी नेमके ठिपक्यावर सोडतात. एकेकटा किरण कमजोर, पण सगळे जिथे भेटतात तिथे जोरदार. पेशंट बहुतेक त्याच दिवशी घरी. याला रेडिओसर्जरी म्हणतात. नेम मिलिमीटरचा, म्हणून डोकं हलता कामा नये. त्यासाठी प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ओढतात. ती त्याच डोक्याच्या मापाची होऊन कडक होते. हा मास्क. तो घालून स्कॅन काढतात, आणि त्यावर फिजिसिस्ट किरणांचा हिशोब मांडतात.

मास्क मीच बनवला होता, आठवड्यापूर्वी. तेव्हा काकूंच्या डोक्यावर दाट कुरळे केस होते, केमोत गेलेले आणि नुकते परत आलेले. आज डोकं तुळतुळीत.

"काकू, केस काऊन काढले?"

"मले काय विचारता? यायले विचारा."

त्यांचे यजमान वामनराव आत आले. चेहऱ्यावर काम फत्ते केल्याचा आनंद. "सकाळीच न्हाव्याले घरी बोलावलं. म्हनलं, तुमचं तेवढंच काम हलकं."

"पण सांगितलं कुणी?"

"तुमीच तं सांगतलं, ताई. मंगळवारी सर्जरी आहे म्हनून. माह्या भावाच्या डोक्याची सर्जरी झालती, तवा पयले डोस्कंच साफ केलतं."

रेडिओसर्जरी हा शब्द मला म्हणायला फार आवडतो. मास्कच्या दिवशी मी तो ऐटीत म्हटला होता. पुढे समजावलं मात्र काहीच नाही. त्यांनी शब्दाचा ओळखीचा अर्धा भाग उचलला.

डॉक्टर सरांना बोलावलं. खरं काय ते सांगितलं.

"सर, आत थोडा स्पंज भरला तर?"

"मिलिमीटरची हमी देतेस?"

"नाही, सर."

"मग विचारतेस कशाला? नवा मास्क, नवा स्कॅन, नवा प्लॅन. गुरुवारी करू. मेंदूच्या सुजेवरच्या गोळ्या चालू राहू देत."

आमच्या फिजिसिस्ट मॅडमचं सगळं काम पुन्हा. त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. बरोबरच होतं.

नवा मास्क बनवण्याआधी मी काकूंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "जाऊ दे, माय. इतक्या वर्सांत यायनं एक डाव सोताहून काम केलं, थेबी उलटं."

वामनराव टोपी हातात घेऊन उभे होते. ती त्यांनी उगाच झटकली.

गुरुवारी मास्क घट्ट बसला. मशीनवरच्या स्कॅनमध्ये डोकं बरोबर जागेवर. आता खोलीत काकू एकट्या, आम्ही बाहेर स्क्रीनसमोर. दारात वामनराव घाम पुसत होते. मला राहवलं नाही. त्यांना माइकपाशी आणलं. म्हटलं, दोन शब्द बोला, काकूंना धीर येईल.

त्यांनी घसा साफ केला. "बेबी, हालू नोको."

स्क्रीनवर काकूंचे खांदे गदगदा हलायला लागले. आजवर या माणसाने बायकोला नावाने हाक मारलीच नव्हती.

"काकू, हसू नका!" मी ओरडले.

जाळीतून दबका आवाज आला. "तं यायले भायेर काढा!"

मॅडमनी वामनरावांना दाराबाहेर काढलं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता तुझी आणखी काही आयडिया?" दोन दिवसांतलं माझ्याशी त्यांचं पहिलं वाक्य. स्कॅन पुन्हा घेतला. मग किरण सोडले. काकू दगडासारख्या पडून राहिल्या.

तीन महिन्यांनी एमआरआय झाला. दोन ठिपके आक्रसले होते, हाताच्या भागाजवळचा त्यातलाच. तिसरा होता तेवढाच. कॅन्सर गेला असं कुणी म्हटलं नाही, काकूंनीही नाही. पण बोटं बऱ्यापैकी ऐकायला लागली होती. जुड्या बांधतात, जरा ढिल्या. वामनराव मागून त्या आवळतात आणि बोलणी खातात.

आता मी प्रत्येक पेशंटला मास्कच्या दिवशीच सांगते. चिरा नाही, टाके नाहीत, केस आहेत तसे राहू द्या. मग विचारते, सांगा बरं, मी काय सांगितलं? नवऱ्याला वेगळं विचारते.