बॅटरीवरचं सोनं

आमच्या घरात विजेतलं फक्त मला कळतं. हे मी बावीस वर्षं सांगत आलोय आणि कुणी एकदाही वाद घातलेला नाही. (कुणी ऐकलेलंही नाही, पण ते वेगळं.) मी कंधारला आयटीआयमध्ये पोरांना वीजतंत्रीचं काम शिकवतो. नवी पोरं आली की पहिल्याच दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहितो, 'आधी सांधा बघा!' पंखा बंद पडला, मोटार बसली, काहीही झालं तरी तार जिथं जोडलीय ती जागा आधी हलवून बघायची, मग अक्कल पाजळायची. या एका वाक्यावर माझा पगार चालू आहे.

आता त्या सकाळचं सांगतो. माझ्या सासूबाईंचं, म्हणजे मामींचं, नांदेडला मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. डोळ्यांचे डॉक्टर महिन्यातून एकदाच बाहेरगावाहून यायचे. मागच्या महिन्यात मामींची शुगर वाढली म्हणून नंबर हुकला होता. या खेपेला त्यांनी महिनाभर चहा बिनसाखरेचा पिला, आणि आमच्याकडच्या बाईनं बिनसाखरेचा चहा पिणं म्हणजे काय तपश्चर्या, ते आमच्याकडच्यांनाच कळेल! कारण एकच. नातीला, म्हणजे आमच्या पोरीला, दिवस गेले होते आणि मामींना तिच्या बाळासाठी स्वतःच्या हातानं गोधडी शिवायची होती. दोरा मात्र सुईच्या नेढ्यात काही केल्या जाईना. लुगड्यांचे तुकडे कातरून गाठोडं बांधून ठेवलेलं, ते रोज सोडायच्या, हातानं चाचपायच्या आणि पुन्हा बांधायच्या. ते बघून मलाच कसंतरी व्हायचं.

दहाला दवाखान्यात हजर व्हायचं होतं. सव्वाआठला मामी पिशवी घेऊन मागच्या सीटवर बसल्या. मी रुबाबात चावी फिरवली.

टक!

डॅशबोर्डचे दिवे गेले. चावी मागं घेतली, दिवे आले. पुन्हा फिरवली. टक! दिवे गेले.

"काय झालं हो?" आमची सौ. सुनंदा दारातून म्हणाली.

"काही नाही. बॅटरी उतरलीय."

"साडेआठची एसटी हाय. चौकातून मिळंल."

"एसटी? घरात मी असताना?"

ही माझी त्या दिवशीची पहिली चूक. पहिली म्हणजे, त्या सकाळपुरती पहिली. मूळची पंधरा दिवसांपूर्वीच झाली होती, पण ते मला अजून कळायचं होतं.

शेजारचे बालाजीराव ट्रॅक्टरची बॅटरी खांद्यावर घेऊन आले. मी बॉनेट उघडलं. आत दसऱ्याची पूजा अजून थाटात होती. गाव बॉनेटला हार घालतं, पण मी विजेचा माणूस! मी दसऱ्याला थेट बॅटरीची पूजा केली होती. हळद-कुंकू, झेंडू, आपट्याचं सोनं, सगळं साग्रसंगीत. आता पूजा मोडायला नको म्हणून मी चपला काढल्या, फुलांना धक्का न लावता वरून अलगद केबल लावल्या आणि ओरडलो, "सुनंदा, फिरव चावी!"

टक!

"सर, बॅटरी न्हाई वाटतं," बालाजीराव म्हणाले.

"मलाही तेच म्हणायचं होतं. स्टार्टर आहे."

मी गाडीखाली शिरलो आणि पान्यानं स्टार्टरला ठोकायला लागलो. (अडकलेला स्टार्टर ठोकल्यावर सुटतो कधीकधी. आमचा अडकलेलाच नव्हता, त्याला उगाच मार बसला.) तेवढ्यात चौकातून साडेआठची एसटी हॉर्न देत निघून गेली. गाडीखालून मला सुनंदाच्या चपला तेवढ्या दिसत होत्या. त्या चौकाकडं वळल्या आणि परत माझ्याकडं.

मग फ्यूज. सगळे उपसून ओट्यावर मांडले, एकेक उन्हात धरून बघितला. सगळे ठणठणीत! परत बसवले. घड्याळात पावणेनऊ.

"काय करून राहिले तुम्ही?" शेवटी सुनंदाचा तोल गेला. "आई उपाशी बसलीय आत! आज नंबर गेला तर पुन्हा महिना! पोरीचं बाळ तवर रांगाय लागंल!"

"ढकलून चालू करू," मी म्हणालो. आवाज माझा मलाच बारीक वाटला.

बालाजीराव, त्यांचे दोन गडी आणि समोरचा पिठाच्या गिरणीवाला, चौघांनी मामींसकट गाडी उताराला लावली. गाडी पाण्याच्या टाकीपर्यंत गेली. पण कुठं काय! साधी खोकलीसुद्धा नाही. तिथून चढावरून परत आणताना गिरणीवाल्यानं माझ्याकडं असं बघितलं, की महिनाभर मी दळण घेऊन गेलो नाही.

मी कपाळाला हात लावून बॉनेटपाशी उभा राहिलो. खरं सांगतो, रडू यायचंच बाकी होतं. तेव्हा मागच्या सीटवरून मामींचा आवाज आला.

"जावईबापू, पूजा उतरवली का?"

"मामी, इथं स्टार्टर गेलाय आणि तुम्ही..."

"आवं, दसरा होऊन पंधरा दिस झाले. फुलं वाळली की काढून पाण्यात सोडावी. आन् ते सोनं? वाऱ्यानं उडू नये म्हणून तुम्ही कुठंतरी पक्कं दाबलं म्हणत होते न्हवं?"

म्हाताऱ्या माणसाचं मन राखावं म्हणून मी झेंडू बाजूला केला. खाली बॅटरीच्या टोकावर जाड तारेचा पट्टा असतो. तो मी दसऱ्याला ढिला केला होता, त्यात आपट्याचं पान घातलं होतं आणि परत आवळलं होतं. पान ओलं होतं तोवर पट्टा घट्ट बसला. आता ते वाळून भुगा झालेलं, आणि हळद-कुंकवाच्या पाण्यानं त्या जागी हिरवट खरपुडी धरलेली. बोट लावलं तर अख्खा पट्टा टोपीसारखा गरगर फिरला!

आधी सांधा बघा. बावीस वर्षं!

"लोका सांगे ब्रह्मज्ञान," सुनंदा म्हणाली. पुढचं तिनं गिळलं, पण बालाजीरावांनी पुरं केलं.

मी पान काढलं, नमस्कार केला, सँडपेपरनं जागा घासली, पट्टा आवळला. चावी फिरवली. खर्रर्र! स्टार्टर झकास फिरला! इंजिन मात्र धरेना.

"आता काय?" मी ओरडलोच.

"सर," बालाजीराव शांतपणे म्हणाले, "तुमच्या खिशात ते निळं काय हाय?"

टाकीतून इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा फ्यूज. उन्हात बघितला आणि सवयीनं खिशात टाकला. म्हणजे चार माणसांनी पेट्रोल बंद असलेली गाडी टाकीपर्यंत ढकलली होती! गिरणीवाला आपल्या दुकानात गेला होता, हे माझं नशीब.

फ्यूज बसवला आणि गाडी अशी सुरू झाली, की मी स्टिअरिंगचाच मुका घेतला. नऊ वाजले होते. नांदेडपर्यंत मी नुसता इंजिनाचा आवाज ऐकत होतो. दवाखान्यात पोचलो तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि नर्स मामींचं नाव दुसऱ्यांदा पुकारत होती. "हाव, आले आले!" म्हणत मामी माझा हात धरून आत गेल्या, आणि बाहेरच्या बाकावर मी असा बसलो, की शेजारच्या माणसानं विचारलं, "तुमचंबी ऑपरेशन झालं का?"

महिन्याभरानं मामींनी अंगणात बसून पहिल्या फटक्यात सुईत दोरा ओवला. सुनंदा हसतहसत रडली. मीही रडलो, सांगायला लाज कसली! गोधडी बाळाच्या आधी तयार झाली. उरलेल्या तुकड्यातून मामींनी एक इवलीशी लाल पिशवी शिवली आणि स्वतः येऊन गाडीच्या आरशाला बांधली. म्हणाल्या, "जावईबापू, दसऱ्याचं सोनं हितं ठेवायचं. मशिनीत न्हाई."

आयटीआयची पोरं कधीमधी गाडीत बसतात. विचारतात, "सर, ही पिशवी कशाची?"

"प्रमाणपत्र आहे," मी सांगतो, आणि कोणत्या विषयाचं ते विचारायच्या आत हॉर्न वाजवतो.