हत्तीचा नारळ

सोंडेत ठेवलेलं नाणं ह्यांनी परत मागितलं होतं.

भर रस्त्यात. लालबागला, आमच्या चाळीसमोर, मंगळवारी सकाळी.

पाणी भरून झालं होतं. गॅलरीत पेपर पसरून मी मेथी निवडत होते. हे ड्युटीवरून येऊन चहा पीत बसलेले. संपानंतर आमची गिरणी पुन्हा चालू झालीच नाही. साचेखात्यात माग चालवणारा माणूस लोअर परळच्या एका टॉवरखाली वॉचमन झाला.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन वाण्याच्या पुड्यांवर, मग लायब्ररीत. मेथीखाली जे छापलेलं असेल ते मी ह्यांना वाचून दाखवायचे.

त्या दिवशी मेथीखाली हत्तीची बातमी होती.

डांबरावर चालून हत्तीचे तळवे सडतात. मग तो एकेक पाय उचलत उभा राहतो. लोकांना वाटतं, खुशीत डोलतोय.

ह्यांनी कप खाली ठेवला.

तेवढ्यात खाली घंटा वाजली. चंपा हत्तीण आली. दर मंगळवारी यायची. बायका पोरांना घेऊन उतरायच्या, डोक्यावर सोंड ठेवून घ्यायच्या.

हेही नेहमीसारखे खाली गेले. सोंडेत नाणं ठेवलं. पाया पडायला वाकले आणि वाकलेलेच राहिले.

पाय बघत होते.

मग उभे राहिले, हात पुढे केला. "दे परत."

आणि तिने दिलं.

तिचा माहूत शफीक वरून म्हणाला, "क्या काका, भगवान को दिया हुआ वापस लेते हैं?"

"भगवान के पाँव देखे हैं तूने?"

"रोज धोता हूँ काका. रस्ते पे नहीं लाऊँगा तो खिलाऊँगा क्या?"

हे नाणं मुठीत धरून वर आले. चाळीला मात्र विषय मिळाला. हत्तीकडे भीक मागणारे तात्या, असं नावच पडलं.

बारा तास उभं राहून ह्यांचे पाय सुजायचे. मी गरम पाण्याची बालदी द्यायचे. त्या संध्याकाळी बालदीत पाय सोडून म्हणाले, "तिला बालदी कोण देणार?"

मला वाटलं, एवढ्यावर संपलं.

पुढच्या सुट्टीला हे प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत जाऊन बसले. त्यांच्याकडे जंगलाजवळ जागा होती, डॉक्टर होता. अडत होतं चाऱ्यापाशी. हत्तीचं खाणं म्हणजे काय चेष्टा नाही.

"आणि शफीकचं काय?" ह्यांनी विचारलं. "तो तिला सोडून राहणार नाही. आणि त्यालाही पोट आहे."

चाऱ्याची सोय होत असेल तर त्यालाही तिच्या देखभालीला ठेवू, असं ठरलं.

आमच्या गावकरी मंडळाची दरवर्षी सत्यनारायणाची पूजा असते. पूजेचा नारळ लिलावात निघतो. जो घेतो तो घरी नेत नाही, परत ठेवतो. मग तोच नारळ पुन्हा पुकारायचा. पैसे गावच्या देवळाला. पुकारायचं काम ह्यांचं, कारण मागांच्या खडखडाटात बोलून बोलून ह्यांचा आवाज गल्लीच्या टोकाला जायचा.

त्या वर्षी देवळाचा नारळ झाल्यावर ह्यांनी दुसरा उचलला. "हा चंपाचा."

कुणी हसलं. मग बाबल उठला. ह्यांच्याच खात्यातला, संपात ह्यांच्यासारखाच घरी बसलेला.

"तात्यानू, देवळाचा छप्पर गळता, आणि तुमका हत्ती दिसता? गिरण बंद पडली तेव्हा आमच्यासाठी कोणी नारळ पुकारल्यान?"

मी बायकांच्यात बसले होते. हे आता चिडणार, असं मला वाटलं.

"नाय पुकारल्यान," हे म्हणाले. "म्हणान तर आपण पुकारूया."

मग पहिली बोली बाबलनेच लावली. तो नारळ इतक्या वेळा परत ठेवला गेला की त्याची शेंडी हातात आली.

चंपा ट्रकमधून गेली. शफीक तिच्या शेजारी उभा राहून गेला. सगळी चाळ खाली उतरली होती. बायका रडत होत्या. हे तेवढे हसत होते.

पुढे मोबाइलवर तिचा फोटो आला. कपाळावरचा रंग गेलेला, पाठीवर ओला चिखल. हे खूप वेळ बघत राहिले.

"आता हत्तीण दिसते," म्हणाले.

तेव्हापासून दरवर्षी आमच्या पूजेत दोन नारळ निघतात. एक देवळाचा, एक हत्तीचा. ज्याला स्वतःची गिरणी वाचवता आली नाही, त्या माणसाने हे केलं. मला त्याचा अभिमान आहे. तोंडावर कधी बोलले नाही. आमच्यात तशी पद्धत नव्हती.

आज ह्यांना जाऊन एक वर्ष झालं.

गेल्या वर्षी ह्यांच्यामुळे पूजा पुढे ढकलली होती. तेरावं झालं, आणि पूजेच्या आदल्या दिवशी बाबलभावजी दारात आले. बसले नाहीत.

"वहिनी, यंदा हत्तीचो नारळ रवांदे. तात्या नाय, पुकारतलो कोण?"

"चंपा यंदा जेवची नाय काय?"

"तसा नाय. पण कोणीतरी..."

"मी आसय."

"तुमी? वहिनी, बाईमाणूस, आणि त्यात आता..."

पुढचं त्यांनी तोंडातच ठेवलं. मला कळलं. मी चहा टाकला.

अहो, तुमच्यासारखा माझा आवाज गल्लीच्या टोकाला जात नाही. इथून नमस्कार करते, तेवढा पोचू दे.

पूजेच्या दिवशी मी खाली गेले, नारळ उंच धरला आणि पुकारलं, "हत्तीचा नारळ. बोला."