फेसावर चमचाभर तूप

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — त्याने लगेच विचारलं असतं, "मग आता काय करायचं?" आणि मला काही करायचं नव्हतं. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही वैशालीला ओळखत नाही.

मी संशयी बाई आहे. कामही तसलंच — दुसऱ्यांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये खोट शोधायची. घरात दूध नासलं तर आधी फ्रीजवर संशय, मग नवऱ्यावर. स्वतःवर कधी घेतलाय? आठवत नाही.

आम्ही इकडे परदेशात, सिटीवेस्टला राहतो. आमच्या इस्टेटीच्या, म्हणजे वसाहतीच्या, भिंतीपलीकडे मॉरा या इथल्याच बाईचं जुनं घर, आणि परसात सिकमोरची मोठी झाडं. सिकमोर म्हणजे मेपलचाच भाऊबंद. थंडी सरता सरता मॉरा त्यांच्या खोडांना भोकं पाडते, पाण्यासारखा रस गोळा करते आणि अंगणात गॅसच्या शेगडीवर दिवसभर आटवते. बादल्याच्या बादल्या आटवाव्यात तेव्हा कुठे बरणीभर सिरप मिळतं. मला आणि आमच्याच रांगेत राहणाऱ्या वैशालीला मात्र ती काकवीच वाटायची. म्हणून त्या दिवशी मी पोळ्या आणि वाटीभर घरचं तूप घेऊन गेले. वैशालीने नारळाच्या वड्या आणल्या, नुसत्या नारळ-साखरेच्या — कारण मॉराला दुधाची अ‍ॅलर्जी, जराही चालत नाही. हे आम्हा दोघींना पक्कं ठाऊक होतं. तूप फक्त आमच्या दोघींपुरतं होतं.

रस दाट होऊ लागला की फेस धरतो. तो झाऱ्याने काढत राहायचं, आणि फारच वर आला तर तेलाचा थेंब सोडायचा, की बसतो. त्यासाठी मॉरा तेलाची छोटी बाटली शेगडीजवळ ठेवायची. तेवढ्यात तिचा फोन वाजला. "कीप अ‍ॅन आय ऑन इट, लव्ह," म्हणत ती आत गेली. वैशालीही चहा ठेवायला तिच्यामागे गेली. आणि फेस उठला. बघता बघता काठाला आला. मी बाटली उलटी केली — रिकामी! तुम्ही काय केलं असतं? शेगडी बंद केली असती. बरोबर. मी तुपाचा चमचा उपडा केला.

फेस झटक्यात बसला. काय बरं वाटलं म्हणून सांगू! मनाशी म्हटलं, तूप म्हणजे काय दूध थोडंच? कढवलेलं असतं, दुधाचं त्यात काय राहतंय? आपल्याकडे कोणीही हेच म्हणेल. पण — चमच्याला वाटीच्या तळाची बेरी लागलेली होती. मी पाहिली ती. बेरी म्हणजे दुधाचाच करपलेला गाळ, हे मला माहीत नव्हतं? लहानपणी साखर घालून चाटूनपुसून खाल्लीय. मॉरा बाहेर आली, पातेल्यात डोकावली आणि खूश होऊन म्हणाली, "ग्रँड, यू सेव्ह्ड इट." मी नुसती हसले.

चहाबरोबर तिने वैशालीची वडी खाल्ली, आणि बशीत घेऊन सिरपही चाखलं. थोड्याच वेळात तिचे ओठ सुजले, मग श्वास लागला. तिचं इंजेक्शनचं पेन किचनमधल्या प्रेसमधून, म्हणजे कपाटातून, वैशालीनेच धावत आणून दिलं. अँब्युलन्स आली. मॉरा वाचली — हे आत्ताच सांगून टाकते.

अँब्युलन्स गेली आणि अंगणात मी आणि वैशाली दोघीच उरलो. आता ही पातेल्याकडे बघणार, मग तुपाच्या वाटीकडे, मग माझ्याकडे — मला खात्रीच वाटली. ती बघायच्या आत मी विचारलं, "वड्या केल्यास त्या पातेल्यात आधी दूध तापवलं नव्हतंस ना गं?"

एवढंच विचारलं. आधी ती नाही म्हणाली. मग म्हणाली, घासलं होतं. मग स्वतःशीच — नीट घासलं होतं ना मी? तिच्या चेहऱ्यावर संशय शिरताना मी पाहिला आणि सुटल्यासारखं वाटलं. हो, सुटल्यासारखं. ती हॉस्पिटलकडे धावली. मी मागे राहिले, शेगडी मोठी केली आणि सिरप काळं ठिक्कर होईपर्यंत तिथेच उभी राहिले. मग सगळ्यांना सांगितलं, गडबडीत गॅस बंद करायचा राहून गेला.

वैशालीने रडत रडत मॉराची माफी मागितली. मॉराने तिला जवळ घेतलं. आणि मी काय करत होते? शेजारी उभी राहून वैशालीची पाठ थोपटत होते.

याला आता काही वर्षं झाली. वैशाली कोणाकडेही काही करून नेत नाही. गणपतीलासुद्धा विकतचा पुडा आणते, तोही वरची बारीक अक्षरं पुन्हा पुन्हा वाचून. एवढ्या सुगरण बाईचा हात मी थांबवला. मॉरा हल्ली तेलाची बाटली एप्रनच्या खिशात ठेवते. का? तिला कळलंय का? ती मला "ग्रँड" म्हणते तेव्हा मी तिचे डोळे बघते — काहीच दिसत नाही. की दाखवत नाही? नसेलही कळलं. सगळ्या जगावर मी माझाच स्वभाव लादतेय, असंही असेल.

यंदा सिरप आटवताना मॉराने झारा वैशालीपुढे धरला. वैशालीने दोन्ही हात मागे घेतले.

"नो, नो," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "गिव्ह इट टू हर. शी इज द केअरफुल वन."

मी झारा घेतला आणि फेस काढू लागले.