दुसऱ्या पाळीचे हातमोजे

उरला गावातल्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये यज्ञेश्वररावांनी एकतीस वर्षं काढली, आणि एवढ्या वर्षांत हातमोजे काही स्वतः घातले नाहीत. ते काम बायकोचं, मीराबाईंचं. लग्नाच्या वर्षी यज्ञेश्वररावांची बोटं भाजली, तेव्हा मीराबाईंनी घालून दिले होते. बोटं बरी झाली, लाड मात्र चालूच राहिले. बीरगांवच्या घराच्या दारात हा दांडगा माणूस दोन्ही हात पुढे करून शहाण्या पोरासारखा उभा राहायचा आणि शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या.

म्हातारपणी त्यांची स्मृती गेली, ही सवय तेवढी राहिली. दुपारचे दीड वाजले की ते दुसऱ्या पाळीला निघायचे. मीराबाई मोजे चढवायच्या, "आज सुट्टी आहे जी," म्हणायच्या, की ते मुकाट्याने पलंगावर बसायचे.

न्यूमोनिया झाला म्हणून त्यांना समता कॉलनीतल्या एका नर्सिंग होममध्ये ठेवावं लागलं. तिथे दुपारी एक ते चार या वेळेत नातेवाइकांना बाहेर काढत. वॉर्डातली निवेदिता सिस्टर मराठी निघाली. या हिंदी मुलखात आपलीच पोट्टी, म्हणून मीराबाईंना हायसं वाटलं. मोजे तिच्या हाती देऊन त्यांनी तिला सगळं समजावलं.

"हव काकू, मी आहे ना," ती म्हणाली.

चारला मीराबाई आत गेल्या. यज्ञेश्वररावांची दोन्ही मनगटं पट्टीने पलंगाच्या दांड्यांना बांधलेली होती. मोजे उशाशी जसेच्या तसे पडले होते.

"काहून बांधलं यांले?"

"सलाइन उपटून राहिले होते, काकू. चौदा पेशंट अन् मी एकटी. पण तुमची युक्ती कामी आली! म्हटलं, काका, ड्युटीची वेळ झाली, हात पुढे करा. लगेच केले. जराही झटापट नाही."

"बाहेर पायरीवरच होती ना मी! मले आवाज काहून नाही दिला?"

"टायमिंगचा रूल आहे, काकू."

मीराबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. नुसती हाक मारायची खोटी, त्या धावत आल्या असत्या. विश्वासाने सांगितलेली घरातली गोष्ट, आणि या पोरीने तिचाच फास केला. तिला सांगायला गेलं कोण? आपणच.

त्यांनी गाठी सोडल्या. मनगटांवर लाल वळ उठले होते. मोजे उचलून त्या म्हणाल्या, "आज सुट्टी आहे जी. हात द्या."

यज्ञेश्वररावांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात काखेत दडवले आणि भिंतीकडे तोंड केलं.