लेन्साच्या कॉफीचे तीन कप

सुमे, धरणाचं पाणी चढलं तेव्हा मी चौथीत होते. ट्रकमध्ये भांडी, दोन शेळ्या आणि आपण. तू माझ्या मांडीवर होतीस, तुला आठवणार नाही. दादा म्हणाले, "मागं बघायचं न्हाई, पोरी." मी बघितलं नाही. शाळा तिथंच सुटली. मुलाकडे परदेशात, इथं ल्यूकनला यायला विमानात बसले, तेव्हाही खिडकीकडे पाठ करून बसले.

इथं भीती एकच होती. नात ईशाला माझं मराठी कळतं, पण "जेवतेस का?" म्हटलं की "आयम ग्रँड, आज्जी", म्हणजे काही नको, म्हणून पळते. वाटायचं, आपलं गाव पाण्यात बुडालं ते बुडालंच, आता माझ्याबरोबर पुसलंही जाणार.

शेजारची लेन्सा इथिओपियाची, ओरोमो लोकांतली. २०१६ च्या उन्हाळ्यात तिनं मला आणि ईशाला कॉफीला बोलावलं. एक कप पिऊन मी संकोचानं उठले, तर तिचा चेहराच पडला. "आज्जी, सिट डाऊन! थ्री कप्स असतात!" ईशा कुजबुजली. बसले.

मग लेन्सा घरचं सांगू लागली. माझं इंग्रजी तोडकं. "मराठीत सांग गं," मी ईशाला म्हटलं. पोर अडखळत सांगू लागली. राजाच्या सैन्यानं लेन्साच्या पणजीची जमीन घेतली. पणजीला जमीन परत हवी होती. तीच गोष्ट ऐकून वाढलेल्या वडिलांनी शाळेत आपली भाषा मागितली, कारण तेव्हा तिला बंदी होती. भाषा मिळाली, तर भाऊ म्हणाला, वेगळा देशच हवा. आणि आता पुतण्या निषेधाची खूण म्हणून डोक्यावर हातांची फुली करून पोलिसांसमोर उभा राहतो. तो म्हणतो, देश हाच, पण कारभारात आम्हीही हवेत.

"गोष्ट एकच, आणि मागणं दर वेळी वेगळं?" मी विचारलं.

ईशानं विचारून सांगितलं, "ती म्हणते, गोष्ट पण बदलते. पणजी जिथं रडायची, ते बाबा सांगायचेच नाहीत. भाऊ तिथं लढाई सांगतो."

एवढ्याशा बाईच्या तोंडी चार पिढ्या! आपल्या घरात कुणी मागं बघितलं नाही, गोष्ट सांगितली नाही, म्हणून कुणी काही मागितलंही नाही.

तिसरा कप देताना लेन्सा म्हणाली, "अँड यू?"

"आज्जी," ईशा म्हणाली, मराठीत, "आपलं गाव कुणी घेतलं?"

सुमे, मी ट्रकपासून सुरुवात केली. मग ट्रकच्या आधीचं, नदीचं, पारावरच्या शाळेचं. ईशा ते लेन्साला इंग्रजीत सांगत होती.

घर कुठं, असं इथं कुणी विचारलं की मी गप्प बसायचे. आता ईशा "मग पुढं काय झालं?" म्हणते ना, तेवढ्यापुरती मी घरी असते.