पाच अक्षरी उत्तरं

डोक्यातून काढतो म्हणलं तरी निघत नाही, असं हे एक प्रकरण. तेव्हा मी नांदेडला एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. हुद्दा काही का असेना, खात्यात माझी ओळख म्हणजे नकला करणारा साहेब. एसपी साहेबांचा आवाज काढून मी फोन लावला की आमचा म्हातारा जमादार तिकडं रिसीव्हर धरून सॅल्यूट ठोकायचा. मग मला शिव्या घालायचा, त्यापण अदबीनं.

एक दिवस औशाहून एक रिटायर्ड इंग्रजीचे मास्तर ठाण्यात आले. पोरगा हरवलाय म्हणाले. पोरगा नांदेडला खोली करून बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करायचा. घरात आई नाही, बाप-लेक दोघंच. जमादारानं विचारलं, शेवटचा संपर्क कधी? मास्तर म्हणाले, आज सकाळीच, मेसेज आलाय.

जमादारानं पेन खाली ठेवला. माझ्याकडं बघून म्हणाला, "सर, पोरगं उत्तरं देऊन राहिलंय आन् हे मिसिंग द्यायलेत. कशाची नोंद घ्यायची?"

मास्तर उठले नाहीत. फोन उचलत नाही, म्हणाले. घसा बसलाय, बोलता येत नाही, असं लिहितो. आठवडा झाला, घसा काय इतका बसतो का साहेब?

मी त्यांचा मोबाइल हातात घेतला. बाप-लेकात एक खेळ होता, पोरगा शाळेत होता तेव्हापासूनचा. मास्तर रोज सकाळी अट घालायचे. पाच अक्षरी इंग्रजी शब्द, आणि त्यात ही दोन अक्षरं पाहिजेत. पोरगा शोधून पाठवायचा. बी आणि आर दिले तर झेब्रा, ब्रेड, कोब्रा, ब्राउन. जसं आठवेल तसं. मधेच एखादा सहा अक्षरी घुसडायचा, मास्तर त्यावर फुली मारायचे. शब्द कमी पडले की संध्याकाळी विचारायचे, "बाकीचे?"

वाचत खाली आलो आणि थांबलो. त्या आठवड्यातले शब्द एबीसीडीच्या ओळीनं लागलेले. सी आणि एच दिलेले, तर बॅच, बीच, बेंच, बर्च, बंच, कॅच. आधी बीचे सगळे, मग सीचे. रोज तसंच, एक चूक नाही. त्याखाली मास्तरांचं, "शाब्बास, सुधारलास."

आम्ही पोलीस जबाब ऐकून म्हातारे होतो. खरं बोलणारा माणूस उलटसुलट सांगतो, मागचं पुढं करतो. ओळीत येतं ते कुठून तरी उतरवलेलं असतं. नेटवर अक्षरं टाकली की शब्द काढून देणाऱ्या साइट असतात, त्यावरून हे उचललेलं होतं. म्हणजे फोन दुसऱ्याच कुणाच्या हातात होता. मी जमादाराला मिसिंग घ्यायला सांगितलं. त्यानं पेन उचलला.

टॉवर लोकेशन पोराच्याच खोलीचं निघालं. तिथं त्याच्यासोबत देगलूरकडचा एक पोरगा राहायचा. फोन त्याच्या गादीखाली सापडला. त्याला ठाण्यात आणलं. म्हणाला, दोस्त हैदराबादला मुलाखतीला गेलाय, फोन माझ्याकडं ठेवून गेला. तीनदा विचारलं, तिन्ही वेळा तेच, शब्दाला शब्द लावून. हात उगारायची गरज नव्हती. मास्तरांचा फोन आला की दोस्त खोलीत स्पीकरवर लावायचा, हे त्यानंच बोलता बोलता सांगितलं होतं. मी खुर्ची पुढं ओढली आणि मास्तरांच्या आवाजात, त्यांच्यासारखंच थांबत थांबत विचारलं, "बाकीचे सापडले का रे, बाळा?"

त्याचं तोंड पांढरं पडलं. मी समोर बसलोय, वर्दी घालून, हे तो विसरलाच.

"काका, म्या ढकललं न्हाई हो. पोहता येत न्हाई म्हणला होता तो. मीच म्हणलं, गुडघ्याएवढंच पाणी हाय, ये."

गोदावरीला दोघं आंघोळीला गेले होते. एक वर आला. हा घाबरून कपडे आणि फोन घेऊन खोलीवर पळाला. संध्याकाळी फोन वाजला. मास्तरांनी विचारलं होतं, "बाकीचे?" सकाळी पोरगा दोनच शब्द पाठवून निघाला होता. ह्यानं नेट उघडून बाकीचे पाठवले. उद्या सांगू म्हणला. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी नवी अक्षरं पाठवली.

नदीच्या खालच्या बाजूच्या ठाण्याच्या हद्दीत अनोळखी प्रेत काठाला लागलं होतं. त्याचा बिनतारी संदेश आमच्याकडंही आलेला. पण आमच्याकडं कुणी हरवलेलंच नव्हतं. बेवारस म्हणून अंत्यविधी उरकला होता. मास्तरांना फोटोवर ओळख पटवावी लागली.

त्यांनी त्या पोराला भेटायचं म्हणलं. मला वाटलं, मारतील. मी जवळच उभा राहिलो. पाणी किती होतं, वाचवायला गेलास का, ओरडलास का, काहीच विचारलं नाही. मोबाइल त्याच्यापुढं धरला.

"त्याचे कुठवर हायेत, आन् तुझे कुठनं?"

पोरानं बोट ठेवलं. टेबल, प्लेट. "हे दोन त्याचे. तिथनं खाली माझे."

मास्तरांनी ते दोन शब्द वाचले. मग मोबाइल माझ्या हातात दिला. तो मुद्देमालात जमा करावा लागणार होता, हे त्यांना आधीच सांगितलेलं.

"न्या साहेब. फक्त त्याच्या शब्दांखालचं तेवढं पुसून टाका."

पुराव्यात काही पुसता येत नाही, हे मला त्यांना सांगावं लागलं. त्यांनी मान हलवली आणि पंचनाम्यावर सही केली.

खून, दरोडे बरेच उघडकीला आणले. खरं शोधून दिलं की आपलं काम झालं, असं मी धरून चालायचो. ह्या प्रकरणात खरं मीच शोधलं. आठवडाभर एक बाप "सुधारलास" म्हणून खूश होता, तेवढं त्याच्या हातून काढून घेतलं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच करीन. पण त्या दिवशी जमादारानं स्टेशन डायरीला लिहिलं, "मिसिंग निकाली", आणि माझ्याच्यानं बराच वेळ त्याखाली सही होईना.